आरसा कोणाच्या हातात?

लॅटिनमध्ये स्पेक्युलम म्हणजे आरसा. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये पडलेल्या त्या दोन पात्यांच्या उपकरणात खरे तर आरसा नसतो. आतले दिसावे म्हणून वाट उघडी धरायची, एवढेच त्याचे काम. आपल्याकडच्या दवाखान्यांत त्याला त्याच्या कर्त्यांच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर ‘कस्को’ मागतात, ‘सिम्स’ मागतात, आणि सिस्टर ते हातात देते. टेबलावर आडवी झालेली बाई छताकडे बघत असते. या तपासणीची आठवण हौसेने काढणारी बाई विरळाच.

आणि तरीही हेच उपकरण, स्टेथोस्कोप, रबरी हातमोजे आणि पांढरा कोट यांच्यासह, प्रौढांच्या एका खेळात शिरले आहे. इंग्रजीत त्याला ‘मेडिकल प्ले’ म्हणतात. दोन प्रौढ माणसे आपापसात ठरवतात: एकाने डॉक्टर व्हायचे, दुसऱ्याने रुग्ण. तपासणीचे नाटक असते, त्यातली लाज, भीती आणि स्वाधीन होणे खरे असते, आणि त्यातच कामसुख असते. ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, हे मला माहीत आहे. पण या खेळात नव्याने येणाऱ्याला पहिला धडा उपकरणाचा देत नाहीत, शब्दाचा देतात. काय चालेल, काय चालणार नाही हे अंगावर कपडे असतानाच बोलून घ्यायचे, आणि एक शब्द असा ठरवायचा की तो उच्चारताच सगळे जागच्या जागी थांबेल. स्पेक्युलमचा दोन शतकांचा इतिहास वाचलेल्या माणसाला या साध्या नियमापाशी थबकायला होते. कारण त्या इतिहासात नेमका तो शब्दच नव्हता.

उपकरण तसे जुने. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पोंपेईत कांशाची स्पेक्युलमे सापडली. स्क्रू फिरवला की पाती एकमेकांपासून दूर होतात. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त योनिव्रणेक्षण नावाचे यंत्र आहे: सोळा अंगुळे लांब, मधून पोकळ, चार भिंतींचे, कड्याने बांधलेले, तोंड कमळाच्या कळीसारखे. बुडाशी शलाका दाबल्या की कळी उमलते. वैद्यकाच्या ग्रंथात एवढी नाजूक उपमा यावी याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्याआधीच्या सुश्रुताने एकशे एक यंत्रे मोजली आणि त्यांत सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून वैद्याच्या हाताचे नाव घेतले. यंत्राचे बरेवाईट हातावर अवलंबून असते, हे वैद्यकाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आधुनिक कथा पॅरिसची. १८१६ साली लाएनेक नावाच्या डॉक्टरापुढे एक तरुण, स्थूल बाई आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाला. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. त्याच शहरात, त्याच सुमारास रेकामिये या डॉक्टराने धातूची नळी वापरून गर्भाशयाचे मुख पाहायला सुरुवात केली होती. सुरळीने डॉक्टर आणि बाई यांच्यात वीतभर अंतर आणले, नळीने होते तेही घालवले. मग ही नळी चालवायची कोणावर? पॅरिसमध्ये पोलिसांच्या वहीत नोंदलेल्या वेश्या होत्या. त्यांना ठरावीक मुदतीने तपासणीला यावेच लागे. नकार देण्याची सोय नसलेली शरीरे शिकायला आयती मिळाली.

अमेरिकेतली गोष्ट याहून कठोर आहे. अलाबामातल्या माँटगोमेरी गावी १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्सने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. प्रसूतीत फाटून लघवी सतत झिरपत राहते, त्या भगेंद्रियाच्या नासूरावर त्याला उपाय शोधायचा होता. चमच्याची दांडी वाकवून त्याने आपले स्पेक्युलम बनवले. त्या स्त्रियांपैकी तिघींची नावे त्यानेच लिहून ठेवल्यामुळे उरली: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. एकट्या अनार्कावर त्याने तीस शस्त्रक्रिया केल्या, भूल न देता. उपाय सापडला, पुढे असंख्य बायकांना त्याचा गुण आला, हेही खरे. पण त्या तिघींची संमती त्यांच्या मालकांकडे होती, आणि संमती दुसऱ्याकडे असते तेव्हा तिला संमती म्हणू नये.

आता इंग्लंडमधली एक गंमत पाहा. १८५३ साली रॉबर्ट ब्रुडनेल कार्टर या तरुण डॉक्टराने हिस्टेरियावर पुस्तक लिहिले. त्यात त्याची तक्रार अशी की वारंवार स्पेक्युलम वापरल्याने मध्यमवर्गातल्या अविवाहित मुली मनाने आणि नीतीने वेश्यांच्या पातळीला उतरतात, आणि भेटेल त्या डॉक्टराकडे तपासणीची मागणी करत सुटतात. तपासणी आणि वासना यांची सांगड घालणारे हे छापील वाक्य एका भेदरलेल्या डॉक्टराचे आहे, कुठल्या रंगेल माणसाचे नव्हे. त्या मुलींना खरोखर काय वाटत होते, हे त्यांना विचारून कोणी लिहून ठेवलेले नाही. कदाचित त्यांना नुसते दुखत असेल.

ज्या उपकरणाने कुलीन मुली बिघडतील अशी धास्ती होती, तेच उपकरण अकरा वर्षांत गरीब बायकांवर कायद्याने सक्तीचे झाले. १८६४, १८६६ आणि १८६९ या सालांत ब्रिटिश पार्लमेंटने सांसर्गिक रोगांचे कायदे केले. लष्करी गावांत आणि बंदरांत पोलिसांना वेश्या वाटेल त्या बाईला तपासणीस बोलावता येई. रोग आढळला की तिची रवानगी लॉक हॉस्पिटलात. सैनिकाची तपासणी करायची नाही, कारण त्याच्या स्वाभिमानाला धक्का बसतो! जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध चळवळ उभारली. त्यांच्या बाजूने लिहिणारे या तपासणीला ‘उपकरणाने केलेला बलात्कार’ म्हणत. सभ्य घरच्या बायकांनी जाहीर सभेत स्पेक्युलमबद्दल बोलणे हा त्या काळी केवढा गहजब असेल याची कल्पना करा. १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले.

हिंदुस्थानात तो १८६८ सालचा चौदावा कायदा म्हणून आला. कलकत्त्यात बंगाली लोक त्याला ‘चौदा आईन’ म्हणू लागले, त्यावर प्रहसने आणि चोपडी निघाली. नोंदणी आणि तपासणी चुकवण्यासाठी अनेक बायका शहर सोडून फ्रेंचांच्या ताब्यातल्या चंद्रनगरला गेल्या. इंग्रजांचा कायदा तिथे लागू नव्हता. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये सुरू झाला, खर्च कोणी करायचा यावर अडला, १८७२ मध्ये गुंडाळला गेला, आणि १८८० मध्ये पुन्हा आणला गेला. मुंबईच्या बायकांनी फारसा गाजावाजा न करता त्याला जेरीस आणले: नोंदणीलाच यायचे नाही, आले तर दुसऱ्या मोहल्ल्यात निघून जायचे. या बायकांनी स्वतः लिहिलेले काही आपल्या हाती नाही. त्यांचा नकार आपल्याला वाचायला मिळतो तो पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या कुरकुरीत.

छावण्यांतून मात्र पळायला जागा नव्हती. तिथे पलटणीबरोबर बाजार असे, त्यात बायका ठेवलेल्या असत. १८८६ मध्ये लष्कराच्या मुख्यालयातून निघालेल्या परिपत्रकात या बायका पुरेशा संख्येने आणि पुरेशा देखण्या असाव्यात अशी सूचना होती. ते इंग्लंडात छापले गेल्यावर गदारोळ झाला. १८८८ मध्ये पार्लमेंटने सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला आणि हिंदुस्थानातला कायदाही गेला. गेला म्हणजे कागदावरून. एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ च्या हिवाळ्यात लखनौ, मेरठ, पेशावर अशा दहा छावण्या पालथ्या घातल्या आणि त्या बायकांशीच बोलून तपासण्या तशाच चालू असल्याचे उघड केले. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने आधी नाकारले, मग १८९३ मध्ये त्याला माफी मागावी लागली.

याच काळात, चंद्रनगरपासून फार दूर नसलेल्या श्रीरामपूरला, एका मराठी पोस्ट कर्मचाऱ्याची सतरा वर्षांची बायको इंग्रजीत भाषण करायला उभी राहिली. साल १८८३. आनंदीबाई जोशी सांगत होत्या की हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि त्यासाठी मी अमेरिकेला जाते आहे. त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. घरंदाज बाई पुरुष डॉक्टरापुढे तपासणीला जाईना, म्हणून उपचाराविना मरे. बाजारातली बाई तपासणीला जाईना, म्हणून तिला शिपाई धरून नेत. हुगळीच्या एकाच काठावर चौदा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या.

साम्राज्य गेल्यावरही सवय गेली नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली. वाग्दत्त वधू कुमारिकाच असणार, असा अधिकाऱ्यांचा तर्क. तिने संमतीच्या कागदावर सही केली होती म्हणे. परत पाठवण्याची टांगती तलवार असताना केलेली सही! भारतातही बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईवर दोन बोटांची चाचणी होत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अयोग्य ठरवली, आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले की जो ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी. नऊ वर्षांनी तेच परत सांगावे लागते यावरून काय ते समजावे.

आरसा हातातून हातात गेला तो १९७१ मध्ये. लॉस एंजलिसमधल्या एका स्त्रियांच्या पुस्तकदुकानात, एप्रिलच्या एका संध्याकाळी, कॅरोल डाउनर जमलेल्या बायकांसमोर टेबलावर चढल्या आणि स्पेक्युलम लावून त्यांनी स्वतःचे गर्भाशयमुख सगळ्यांना दाखवले. प्लास्टिकचे स्पेक्युलम, एक विजेरी आणि खराखुरा आरसा: एवढ्या सामानावर गावोगावी बायकांचे गट सुरू झाले. पुढच्या वर्षी पोलिसांनी डाउनर यांच्या केंद्रावर धाड घातली. विनापरवाना वैद्यकी केल्याचा आरोप होता, आणि त्यातला एक मुद्दा असा की त्यांनी एका बाईला बुरशीच्या त्रासावर दही लावायला मदत केली. पोलीस फ्रिजमधले दही जप्त करायला गेले तेव्हा ते आमचे जेवण आहे म्हणून बायका भांडल्या. आपल्याकडची कुठलीही आजी या खटल्यात आरोपी नंबर एक झाली असती. ज्यूरीने डाउनर यांना निर्दोष सोडले.

१९९० च्या सुमारास ॲनी स्प्रिंकल या कलावतीने हेच दृश्य रंगमंचावर नेले. प्रेक्षकांनी रांगेने यावे, विजेरीने पाहावे, प्रश्न विचारावेत. डाउनर यांच्याकडे आरोग्य होते, स्प्रिंकलकडे कामसुख आणि हसू आले. मेडिकल प्लेमधले स्पेक्युलम मला या वाटेवरचे पुढचे ठिकाण वाटते. सत्ता तिथे खोटी असते, हवी म्हणून उभी केलेली, आणि ‘रुग्णा’च्या एका शब्दाने कोसळणारी. न्यूयॉर्कमधल्या एका समलिंगी पुरुषांच्या संघटनेने १९८३ मध्ये अशा खेळांसाठी सूत्र मांडले: सुरक्षित, शुद्धीवर आणि संमतीने. हे तिसरे कलम तिथे सर्वांत वरचे मानतात.

कायद्याला हे सगळीकडे पटलेले नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये, तीन विरुद्ध दोन मतांनी, परस्परसंमतीने केलेल्या इजेसाठीही शिक्षा कायम केली. आपल्या १८६० च्या दंडसंहितेत मात्र ८७ वे कलम होते: अठरा वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल तर मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू वा संभव नसलेली इजा गुन्हा ठरत नाही. उदाहरण दिले होते मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे. ते लिहिणाऱ्यांच्या मनात हा खेळ नक्कीच नव्हता.

खेळाचे धोके खरे आहेत, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. उकळून किंवा ऑटोक्लेव्हमध्ये घालून न घेतलेले धातूचे उपकरण जंतू नेते. पाती उघडी असताना ओढून काढली तर आतल्या त्वचेला दुखापत होते. मूत्रमार्गात काही घालणे किंवा सुई टोचणे हे शिकल्याशिवाय करण्याचे काम नाही. जाणते खेळाडू नवख्याला स्टेथोस्कोप आणि हातमोज्यांवरच पुष्कळ दिवस थांबवतात. आणि ज्याच्या वाट्याला खऱ्या टेबलावर जबरदस्ती आली आहे, त्याच्याशी हा खेळ मांडण्याआधी दहादा विचारतात.

खरे दवाखाने हे विचारणे हळूहळू शिकत आहेत. २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला: रुग्ण बाईने दुर्बिणीने तपासण्याची परवानगी दिली होती, भूल दिलेली असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. बाई चव्वेचाळीस वर्षांची, सज्ञान होती. तपासण्याची परवानगी ही काढून टाकण्याची परवानगी नव्हे, आणि ती द्यायची होती तिनेच, असे न्यायालय म्हणाले. अमेरिकेत भूल दिलेल्या बायकांवर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तपासणी करायची तर आधी लेखी संमती घ्या, असे केंद्र सरकारने रुग्णालयांना स्पष्टपणे कळवले ते २०२४ च्या एप्रिलमध्ये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा त्याआधी सहा वर्षे, २०१८ मध्ये, हलवण्यात आला होता. माँटगोमेरीत २०२१ मध्ये अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी यांची उंच धातुशिल्पे उभी राहिली.