गंध्याचा खांब, सोनाराचा यक्ष : पितळखोऱ्याची वाट

उस्मानपुऱ्यातून निघालेली गाडी दौलताबाद आणि वेरूळ मागे टाकून कन्नडकडे धावू लागते, तोवर पर्यटकांची गर्दी वेरूळलाच उतरलेली असते. पुढे उरतात उन्हाने करपलेले सातमाळ्याचे डोंगर आणि त्यांच्या एका घळीत इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. अंतर सुमारे ८० किलोमीटर. थ्रेड 👇

प्रश्न असा, की अशा आडरानात लेणी कोरली कोणी?

ही जागा तेव्हा आडरान नव्हती. पैठणचा माल डोंगर उतरून खानदेशात आणि पुढे भडोचच्या बंदराकडे जाई. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवतो. गाड्यांतून येणाऱ्या तिथल्या गोमेदासारख्या खड्यांचाही त्यात उल्लेख आहे.

उत्तर चैत्यगृहाच्या खांबांवर आहे. एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या कुळाने दिला. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांनी. शेजारच्या विहारात मगिल या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलाबाळांचे दान कोरलेले आहे. तो स्वतःला ‘वच्छीपुत’ म्हणवतो. आईच्या गोत्रावरून ओळख सांगण्याची चाल केवळ गौतमीपुत्र सातकर्णीपुरती नव्हती, हे इथे दिसते. मात्र मगिल कोणत्या राजाचा वैद्य, हे लेख सांगत नाही! नाणेघाटात राजघराण्याचे यज्ञ आणि दक्षिणा ओळींमागून ओळी व्यापतात. इथे राजा फक्त वैद्याच्या पदवीत उरला आहे.

इथला बेसॉल्ट ठिसूळ. पाणी मुरून दर्शनी भाग ढासळले आणि अंगण दगडमातीने भरून गेले. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तो ढिगारा उपसला गेला. खालून जोत्यावरची हत्तींची रांग निघाली, भालाधारी द्वारपाल निघाले, आणि डोक्यावर पसरट पात्र धरून हसणारा एक बुटका यक्ष.

त्या यक्षाच्या हातावर शिल्पकाराचे नाव आहे : कण्हदास, हिरंमकार. म्हणजे सोनार! यक्षाच्या अंगावरचे दागिने इतके बारकाईने का घडवले आहेत, ते मग वेगळे सांगावे लागत नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे, तोही याच परंपरेतला. दगडावर हात चालवणारे सगळेच पाथरवट नव्हते.

यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मितदेवाचा खांब मात्र त्या घळीतच आहे.