गंजीफ्रॉकांचे गाव आणि त्याचा संघ

आपल्या दोरीवर वाळणारे गंजीफ्रॉक आणि मुलांचे टी-शर्ट पुष्कळदा एकाच गावाहून आलेले असतात. त्या गावाचे नाव तिरुपूर. तामिळनाडूत कोइमतूरजवळ, नोय्यल नदीच्या काठी ते वसले आहे. १९३२ साली लाठीमार होत असताही हातचा झेंडा न सोडणाऱ्या कुमारन या तरुणाने याच गावी प्राण दिले. त्या गावची ही दुसरी हकीकत भगिनींनी वाचावी म्हणून लिहीत आहे.

भोवताली कापसाचा मुलूख असल्याने कापसाची पेठ येथे पूर्वीपासूनच होती. १९२० नंतर बनियन विणण्याची यंत्रे आली. पुष्कळ वर्षे पांढरा गंजीफ्रॉक हाच तेथला मुख्य माल. मग १९७८ साली व्हेरोना नावाचा एक इटालियन व्यापारी मुंबईच्या निर्यातदारांमार्फत पांढरे टी-शर्ट घेण्यास तेथे आला आणि परदेशचा रस्ता खुला झाला.

तिरुपूरची रीत अशी की, एक जण विणतो, दुसरा रंगवतो, तिसरा बेततो, चौथा शिवतो. एक सदरा दहा हातांतून जातो. असे लहान कारखानदार कामात हुशार. पण पाणी, रस्ता, शिक्षण या गोष्टी एकट्याच्या आवाक्यातल्या नव्हेत. म्हणून १९९० साली त्यांनी तिरुपूर निर्यातदार संघ स्थापन केला. ए. शक्तिवेल हे त्याचे संस्थापक अध्यक्ष. तेव्हा गावची वर्षाची निर्यात सुमारे ३०० कोटी रुपयांची होती.

संघाने कामे हाती घेतली तीही गरज ओळखून. नुसत्या पांढऱ्या मालावर भागणार नव्हते. नवे रंग, नवे बेत हवेत, तर शिकलेली माणसेही हवीत. म्हणून १९९७ साली विणलेल्या कपड्यांची फॅशन शिकवणारे महाविद्यालय निघाले. कारखान्यांना एके ठिकाणी जागा मिळावी म्हणून नेताजी वस्त्रोद्यान उभे राहिले. पाणी तर टँकरने विकत घ्यावे लागे. त्यासाठी १९९५ साली सरकार व संघ यांच्या सहभागाने एक कंपनी निघाली आणि पुढे दहा वर्षांनी भवानी नदीचे पाणी नळाने तिरुपुरात आले. आता निर्यात ४०,००० कोटींच्या घरात आहे.

येथवरची गोष्ट कौतुकाची. पण नाण्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

आपण घरी सुती साडी रंगवताना पाण्यात मूठभर मीठ घालतो, रंग पक्का बसावा म्हणून. तिरुपुरात शेकडो रंगशाळा. त्यांचे मीठ पोत्यांनी जाई, आणि उरलेले रंगीत, खारट पाणी नोय्यलमध्ये. खाली ओरथुपालयम येथे १९९२ साली शेतीसाठी धरण झाले. त्यात हेच पाणी साठले. विहिरी खारावल्या, पिके गेली. ज्यांच्यासाठी धरण बांधले ते शेतकरीच म्हणू लागले की हे पाणी आम्हांस नको! ते न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. सदऱ्याच्या दहा हातांपैकी एक थांबताच बाकीच्यांचेही काम अडले. कित्येक मजुरांनी, त्यांत आपल्यासारख्या बायकाही होत्या, गाव सोडले.

तेव्हा पुन्हा एकी कामास आली. एकट्या रंगाऱ्याला न परवडणारी शुद्धीकरण केंद्रे सामाईक केली. तेथे पाणी गाळून पुन्हा वापरतात, आणि आटवून मीठही परत काढतात. रंगशाळा पुन्हा सुरू झाल्या, पण थेंबभर पाणी नदीत सोडायचे नाही या अटीवर.

भगिनींनो, आपले मंडळही एक लहानसा संघच आहे. एकटीला जे जमत नाही ते दहाजणींना जमते, हे आपण अनुभवाने जाणतो. पण तिरुपूरच्या शेतकऱ्यांची नावे कोणत्याही संघाच्या पटावर नव्हती, तरी त्या उद्योगाची किंमत आधी त्यांनीच मोजली. म्हणून कोणतेही काम ठरवताना पटावरच्या नावांइतकाच पटाबाहेरच्या शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. नदी विटाळल्यावर मीठ वेगळे काढण्यापेक्षा ते आधीच आवरणे स्वस्त पडते.