ई जीवनसत्त्वाची उसनवारी

मागच्या महिन्यात सुनेला डॉक्टरांनी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, तर जिलेटिन! म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं आवरण. डॉक्टरांना फोन करून दुसरा पर्याय विचारला आणि उत्तर येईपर्यंत या 'ई'ची कुंडली काढायला बसले.

१९२२ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीला, हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसलं की ठरावीक आहारावरच्या उंदरिणींना गर्भ राहतो, पण टिकत नाही. त्यात लेट्युसची पानं किंवा गव्हाचा अंकुर घातला की पिल्लं होतात. (असले प्रयोग वाचताना माझा जीव कासावीस होतो.) १९३६ साली गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते द्रव्य वेगळं निघालं. नाव पडलं टोकोफेरॉल. ग्रीक भाषेत 'टोकोस' म्हणजे अपत्यजन्म.

पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. दाण्याचं कूट उघडं राहिलं की खवट होतं ना? आपल्या पेशींच्या पडद्यातल्या स्निग्धांशालाही तशीच खवट होण्याची भीती असते. एक कण बिघडला की शेजारचा बिघडतो. ई मध्ये पडतं, आपल्याकडचा हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतं, आणि स्वतः रिकामं होतं. मी बी.कॉम.; मला लगेच प्रश्न पडला, ही उधारी फेडतो कोण?

१९४१ साली गोलंबिक आणि मॅटिल यांनी दाखवलं की चरबीत टोकोफेरॉलसोबत क जीवनसत्त्व असलं तर ती जास्त दिवस टिकते. शरीरातही असंच होत असावं, असं १९६८ साली टॅपल यांनी मांडलं. १९७९ साली पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी क कडून ई ची भरपाई होताना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पकडली. ई राहतं तेलात, क पाण्यात. व्यवहार होतो दोघांच्या सीमेवर. २००६ साली ओरेगनमधल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना क दिल्यावर त्यांच्या रक्तातलं ई कमी वेगानं घटलं. म्हणजे माणसातही साक्ष मिळाली.

चहातली कॅटेचिन द्रव्यंही काचपात्रात ई ची अशीच परतफेड करतात. मात्र पोटातून ती फार थोडी शोषली जातात आणि यकृत त्यांचं रूप पालटून टाकतं. म्हणून ग्रीन टीच्या महागड्या डब्यांवरचे दावे मी तरी अजून खात्यात जमा धरलेले नाहीत.

सूर्यफुलाच्या मूठभर, साधारण २८ ग्रॅम, बियांतून दिवसाची जवळपास निम्मी गरज भागते. आमच्याकडे त्या कोशिंबिरीत पडतात, वर लिंबू. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य असलं तरी काळजी नको. शरीरातला क एका दिवसात संपत नाही.

डॉक्टरांचा फोन चौथ्या दिवशी आला. वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळते म्हणाले, थोडी महाग पडते. घेतली.