लाइपझिगचे ‘उरलेसुरले’

आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

जर्मन फुटबॉल म्हटलं की आपल्या पोरांना बायर्न म्युनिक पाठ असतो. मी ज्या क्लबबद्दल सांगणार आहे, त्याचा टी-शर्ट आपल्या बाजारात शोधूनही सापडणार नाही. नाव खेमी लाइपझिग. खेमी म्हणजे रसायन. गेली काही वर्षं हा क्लब जर्मनीच्या चौथ्या श्रेणीत खेळतोय. पण एकेकाळी हाच क्लब अख्ख्या पूर्व जर्मनीचा विजेता होता, आणि तोही कसा, ते ऐकण्यासारखं आहे.

गोष्ट १९६३ ची. जर्मनीचे दोन तुकडे झालेले. पूर्वेकडे कम्युनिस्ट राजवट, आणि खेळ पूर्णपणे सरकारच्या हातात. तिथे क्लबांचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. एक, सरकारचा वरदहस्त असलेले मोठे क्रीडा क्लब. दुसरे, कारखान्यांशी जोडलेली कामगारांची क्रीडामंडळं. चांगला खेळाडू दिसला की तो पहिल्या प्रकारात जायचा, हे ठरलेलंच.

लाइपझिग शहरात तेव्हा रोटेशन आणि लोकोमोटिव्ह असे दोन मोठे क्लब होते. दोघांनाही हवं तसं यश मिळत नव्हतं. अधिकाऱ्यांनी ठरवलं, दोन्ही संघ मोडायचे, खेळाडू एकत्र करायचे आणि त्यांची नव्याने वाटणी करायची. ज्यांना ‘उत्तम’ ठरवलं ते एससी लाइपझिग या नव्या क्लबात. बाकीचे शहराच्या पश्चिमेला लॉइच भागात, खेमीकडे. लोकांनी या संघाला नावच पाडलं, ‘उरलेलं लाइपझिग’.

या उरलेल्यांचे प्रशिक्षक होते आल्फ्रेड कुन्झे. समोर बसलेल्या प्रत्येक खेळाडूला कोणीतरी कागदावर ‘कमी’ ठरवलेलं. अशा पोरांना काय सांगणार? कुन्झेंनी त्यांचा संघ बांधला, बस्स. आणि १९६३-६४ च्या मोसमात या संघाने थेट अव्वल लीग जिंकली. १० मे १९६४ रोजी एरफुर्टमध्ये शेवटचा सामना २-० ने जिंकून विजेतेपद पक्कं केलं. निवडक खेळाडूंचा एससी लाइपझिग? तिसरा.

आता कोणी म्हणेल, चमत्कार झाला. मला तसं वाटत नाही. हे काही गल्लीतले खेळाडू नव्हते, वरच्या लीगमध्ये खेळलेले होते. त्यांच्यातला बेर्न्ड बाउखश्पीस याआधी दोनदा लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला होता, आणि त्याच १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या जर्मन संघातही होता. म्हणजे चूक खेळाडूंमध्ये नव्हती, यादी करणाऱ्यांच्या नजरेत होती.

बरं, एवढं झाल्यावर व्यवस्था शहाणी झाली का? नाही. १९६६ ला खेमीने देशाचा चषकही जिंकला. पण त्याच वर्षी एससी लाइपझिगच्या फुटबॉल विभागाचा नवा क्लब झाला, आणि शहरातला लाडका तोच राहिला. खेमी पुढची वर्षं वरच्या आणि दुसऱ्या श्रेणीत हेलकावे खात राहिला. १९६४ नंतर पूर्व जर्मनीत एकाही कारखाना क्लबला लीग जिंकता आली नाही. आणि लाइपझिगमध्ये लीगचं विजेतेपद तेव्हापासून आजतागायत परत आलेलं नाही.

१९९० ला राजवट गेली. कारखान्यांचा आधार गेला, क्लबचं नावही बदललं. एफसी साक्सेन लाइपझिग झाला आणि पुढे कर्जात रुतत गेला. २००६ मध्ये रेड बुल कंपनीला या क्लबमध्ये रस होता. चाहत्यांनी विरोध केला, फुटबॉल महासंघाचीही हरकत होती, बेत फसला. कंपनीने २००९ ला शेजारच्या छोट्या क्लबची जागा घेऊन आरबी लाइपझिग उभा केला. तो आज बड्या संघांत आहे. साक्सेन मात्र २०११ मध्ये बंद पडला.

पण काही चाहत्यांनी १९९७ लाच जुन्या नावाने संस्था काढून ठेवली होती. २००८ ला त्यांनी संघ उतरवला, तोही अगदी तळाच्या स्थानिक लीगमध्ये. पुढे पडत-उठत २०१७ ला चौथी श्रेणी गाठली. एका वर्षात पुन्हा पाचवीत घसरले. आणि त्याच अवस्थेत, ऑगस्ट २०१८ मध्ये, जर्मन चषकात दुसऱ्या श्रेणीतल्या रेगेन्सबुर्गला २-१ ने हरवलं! पुढच्या फेरीत हरले, पण तो दिवस लॉइचचा होता.

तिथल्या मैदानाला आज आल्फ्रेड कुन्झेंचं नाव आहे. १९६३ ची ती यादी करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं विचारा, कोणाला सांगता येतात बघा.

निवड चाचण्यांच्या बातम्या मी बऱ्याच केल्यात. यादी लागते, नाव असलेली पोरं ओरडतात, आपण त्यांचाच फोटो काढतो. फलकासमोरून गुपचूप सायकल काढून निघून जाणाऱ्याकडे आपला कॅमेरा वळत नाही. माझाही वळला नव्हता. पुढच्या वेळी वळवीन म्हणतो.