मातीकाम व कलाशिक्षण, दिव्यांगांसाठी (मुंबई उपनगर)

शारीरिक, बौद्धिक किंवा दृष्टी-श्रवणाची अक्षमता असलेल्या मुलांना व प्रौढांना मातीकाम, चित्रकला आणि हस्तकला शिकवण्याचे काम. ही नोंद मुख्यतः मुंबई उपनगर जिल्ह्यापुरती आहे. १९९० मध्ये वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या.

उपनगरांत हे शिक्षण कलेच्या वाटेने आले नाही, रोजगाराच्या वाटेने आले. जोगेश्वरीचे एम. एन. बनाजी अंध उद्योगगृह, १९६८ साली स्थापन झालेली व चेंबूरला दिव्यांगांसाठी कार्यशाळा चालवणारी 'नॅसिओ' यांसारख्या संस्थांपुढचा पहिला प्रश्न पोटापाण्याचा होता. त्या काळच्या अशा कार्यशाळांत वेताच्या खुर्च्या विणणे, मेणबत्त्या, शिवण, सुतारकाम यांना मान असे. रंग आणि माती उरलेल्या वेळात. वांद्रे येथे १९८३ मध्ये कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि तिथे त्यांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होऊ लागले. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणींनी घडवलेल्या, रंगवलेल्या वस्तू दयेपोटी नव्हे, तर मालाच्या गुणावर विकायच्या हा आग्रह शहरातल्या 'ओम क्रिएशन्स ट्रस्ट'ने १९९० च्या दशकापासून धरला. उपनगरांतील अनेक विशेष शाळा व पालकांच्या संस्था पुढे त्याच वळणाने गेल्या.

आज या क्षेत्रातली सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे रंगवलेली पणती. गणपती संपले की कार्यशाळांत पणत्यांच्या गोण्या येतात, दिवाळीच्या प्रदर्शनांत रंगीत पणत्यांची पाकिटे विकली जातात आणि वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या दोन महिन्यांत होतो. पणती मात्र कुंभाराने घडवलेली व भाजलेली असते, बहुधा जिल्ह्याच्या दक्षिण वेशीवरच्या धारावीच्या कुंभारवाड्यातली. विद्यार्थ्याच्या हाती येते ते तयार भांडे आणि अ‍ॅक्रिलिकचा ब्रश. याला मातीकाम म्हणणे थोडे उदारपणाचेच आहे. जिथे माती मळण्यापासून भाजलेली वस्तू हातात घेण्यापर्यंतचे सगळे टप्पे शिकणाऱ्याच्या वाट्याला येतात, तिथेच या विषयाचे खरे शिक्षण होते, आणि अशा जागा थोड्या आहेत.

अडचण भट्टीची आहे. बोरिवलीच्या कोरा केंद्रासारखी ग्रामोद्योग प्रशिक्षणाची मोठी आवारे सोडली, तर उपनगरातले वर्ग इमारतीच्या तळमजल्यावरच्या एकदोन खोल्यांत भरतात. विजेच्या भट्टीला जागा, वायुवीजन आणि बहुधा थ्री-फेज जोडणी लागते. सोसायटीची परवानगी हा आणखी वेगळा विषय. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला होते, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, दिलेले स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची माती) १२०० च्या वर जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच इतकी ओली असते की जाड बुडाची वस्तू आठवडा उलटला तरी आतून वाळत नाही. ओलसर वस्तू भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, शेजारच्या चार वस्तूंनाही घेऊन जाते. म्हणून कित्येक वर्ग वस्तू भाजायला बाहेरच्या स्टुडिओत पाठवतात. तिथेही भट्टी भरल्याखेरीज लागत नाही. सोमवारी केलेली वाटी महिन्याने परत येणे नवलाचे नाही.

वस्तू करणे आणि ती हाती येणे यांतल्या या खंडाचा शिकण्यावर होणारा परिणाम कमी लेखला जातो. वाळून भाजल्यावर माती आक्रसते, स्टोनवेअर तर दहा-बारा टक्के. करडा रंग जाऊन लाल किंवा पांढुरका येतो, वर ग्लेझची चकाकी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ती वस्तू आपलीच आहे हे पटत नाही. त्यावर उपाय साधे आहेत: प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून भिंतीवर क्रमाने लावणे, बुडाशी प्रत्येकाची ठरलेली खूण करणे, भट्टी उघडताना मुलांना समोर उभे करणे. दृष्टिहीन विद्यार्थी बुडाची खूण बोटाने वाचतो आणि आपली वाटी इतरांच्या आधी शोधून काढतो.

शिकवण्याची पद्धत अक्षमतेप्रमाणे बदलते. दृष्टिहीनांना कुंभाराच्या चाकावर बसवायला शिक्षक विनाकारण घाबरतात. मातीचा गोळा मध्यावर आला की नाही हे डोळस कुंभारही तळहातानेच ओळखतो. अवजारे ताटात ठरलेल्या क्रमाने ठेवणे, उंची बोटांच्या पेरांनी मोजणे एवढी तयारी पुरते. कर्णबधिर वर्गात अडचण वेगळीच येते. शिक्षकाचे हात मातीत असताना त्याला खुणा करता येत नाहीत आणि विद्यार्थ्याची नजर एकाच वेळी चाकावर व शिक्षकाच्या चेहऱ्यावर राहू शकत नाही. तेव्हा आधी करून दाखवायचे, मग हात पुसून सांगायचे, मग विद्यार्थ्याने करायचे. घाई असलेल्या शिक्षकाचे हे काम नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना चाकापेक्षा पाटीकाम सोयीचे: दोन पट्ट्यांमध्ये माती ठेवून लाटण्याने लाटायची, म्हणजे जाडी आपोआप सारखी येते. खाली न सरकणारी चटई आणि जाड मुठीची अवजारे लागतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला जमिनीलगतचे पारंपरिक चाक निरुपयोगी. टेबलावरचे, पायाऐवजी हाताने वेग बदलता येणारे विजेचे चाक हवे. स्वमग्न मुलांपैकी काहींना ओल्या मातीचा स्पर्शच सहन होत नाही. त्यांना कोरड्या मातीपासून किंवा कणकेच्या गोळ्यापासून हळूहळू आणावे लागते; काहींना ती कधीच आवडत नाही, आणि तेही मान्य करायला हवे. माती तोंडात घालण्याची सवय, वाळलेल्या मातीची फुप्फुसात जाणारी सिलिकायुक्त धूळ आणि ग्लेझमधले शिसे या तीन गोष्टींबाबत ढिलाई चालत नाही. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

भट्टीचा प्रश्न ज्या मातीला पडतच नाही ती शाडू. गणेशोत्सवाआधीच्या शाडूच्या मूर्तीच्या कार्यशाळा विशेष शाळांनाही जमतात, कारण मूर्ती भाजायची नसते, विसर्जनात विरघळायचीच असते. घरातल्या पूजेत आपण केलेली मूर्ती बसणे याला मुलाच्या लेखी कुठल्याही प्रदर्शनाहून जास्त किंमत असते.

शिकणाऱ्याची झेप कुठवर जाते याची उदाहरणे मुंबईत आहेत, बाहेरही आहेत. लहानपणी श्रवणशक्ती गमावलेले सतीश गुजराल १९४० च्या दशकात सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या बाहेरील भिंतीवरचे सिरॅमिकचे भित्तिचित्र त्यांचे. शांतिनिकेतनच्या विनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी पूर्ण गेल्यावर, १९७२ मध्ये, कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिक फरश्यांचे भित्तिचित्र साकारले. जपानच्या शिगा प्रांतातील स्वमग्न शिल्पकार शिनिची सावादा यांच्या काटेरी मृत्तिकाशिल्पांना २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत जागा मिळाली. गुजराल व मुखर्जी यांना रीतसर कलाशिक्षण मिळाले होते, सावादांना मातीकामाची जागा आणि भट्टी. पणत्यांच्या हंगामावर चालणारे वर्ग यांपैकी काहीच देत नाहीत.

वर्गापर्यंत पोहोचणे हेही शिक्षणात धरावे लागते. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, पण गर्दीच्या वेळी त्यात चढणे हीच परीक्षा. २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर पूर्व आणि पश्चिम उपनगरांमधला प्रवास लिफ्ट असलेल्या स्थानकांमुळे व्हीलचेअरवाल्यांनाही शक्य झाला. मुलुंडहून अंधेरीला येणाऱ्याला घाटकोपरपर्यंतची लोकल मात्र चुकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये कलाविषयक अभ्यासक्रमांची फेररचना करून ते दिव्यांगांना खुले करण्याची तरतूद आहे. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा मात्र वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा कागदावरच्या विषयांच्या आहेत आणि दहावीच्या निकालात मिळणारे चित्रकलेचे वाढीव गुण त्यांच्यावरच ठरतात. चाकावर हात बसलेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला या परीक्षांत दाखवता येईल असे काही नाही.