पावसाची रोजकीर्द



आज आमच्या खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) पावसाबद्दल आणि तो मोजण्याच्या जुन्या सवयीबद्दल थोडं लिहितो. मी बँकेतला माणूस, शिक्षण कॉमर्सचं. हवामानशास्त्र कधी शिकलो नाही. पण निवृत्त होऊन गावी आल्यापासून रोज सकाळी साडेआठला परसातलं पर्जन्यमापक बघतो आणि आकडा वहीत लिहितो. त्या निमित्ताने जे वाचनात आलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते सांगावंसं वाटलं.

पाऊस मोजणं इंग्रजांनी आणलं असं पुष्कळांना वाटतं. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजावा असं सांगितलंय. माप द्रोणात. कोरड्या जांगल मुलखाला 16 द्रोण, अवंतीला 23. इंदूर-उज्जैनकडच्या मंडळींनी आपला आकडा लक्षात ठेवावा! अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, आकडाच दिलेला नाही. तिथला पाऊस अमाप, एवढंच म्हटलंय. आमचं गाव त्या अपरांताच्या वर, घाटमाथ्याला लागून. कौटिल्याने जिथे हात टेकले तिथे मी वही घेऊन बसलोय.

इंग्रजी अमलात 1864 साली कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, पाठोपाठ 1866 चा दुष्काळ. त्यानंतर 1875 मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. या खात्याचं मुख्यालय 1905 मध्ये सिमल्याला गेलं आणि तिथून 1928 साली पुण्याला आलं. म्हणून पुण्यातल्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. 1884 च्या बेळगाव गॅझेटियरमध्ये इथल्या पावसाची माहिती आहे. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. दप्तराची भाषा बदलली, नकाशे बदलले. ढगांना मात्र कुणी कळवलं नाही. ते पूर्वीसारखेच चोर्ला घाटातून वर येतात.

आपल्याकडे जे जुनं मापक सगळ्यांनी पाहिलंय ते सायमन्स पद्धतीचं. जॉर्ज सायमन्स हा इंग्लंडमधला गृहस्थ. त्याने 1860 च्या सुमारास हौशी लोकांना पाऊस मोजायला लावलं. दीडशेच्या आसपास माणसांपासून सुरुवात झाली आणि 1900 साली तो वारला तोवर ती संख्या तीन हजारांवर गेली होती. त्यात पाद्री होते, डॉक्टर होते, जमीनदार होते. कुणाला पगार नव्हता. तेव्हा आमच्यासारख्या रिकामटेकड्यांची परंपरा तशी जुनी आहे!

मापकाचं काम एकदम साधं. वर पाच इंच व्यासाचं नरसाळं, खाली बाटली, आणि खुणा केलेला काचेचा नळा. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर. जवळ घर किंवा झाड असेल तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब मापक ठेवायचं. सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत जेवढं साचलं तो त्या तारखेचा पाऊस. 2.5 मिलीमीटर किंवा जास्त झाला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. एक मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकराला हिशेब केला तर सुमारे चार हजार लिटर.

पण खरी शिस्त शून्य लिहिण्यात आहे. पाऊस नसला तरी साडेआठला जायचं, मापक बघायचं आणि 0 लिहायचं. कोरी जागा आणि शून्य यांत फरक असतो, हे बँकेत काम केलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. लग्नाला चार दिवस परगावी गेलो आणि कुणी नोंद केली नाही, तर तिथे 'नोंद नाही' एवढंच लिहायचं. अंदाजाने भरायचं नाही.

गावाला मिलीमीटरशी देणंघेणं नाही. "काय ओ साहेब, रात्री किती झाला?" असं विचारतात, मी आकडा सांगतो, मग प्रश्न येतो, "म्हणजे इंच किती?" म्हाताऱ्या माणसांचा हिशेब नक्षत्रांचा. मृगाचा किती, आर्द्राचा किती, तरणा जास्त की म्हातारा. म्हणून महिन्याच्या बेरजेशेजारी नक्षत्रवार बेरीजही मांडतो. पंचांगात वाहन बेडूक असलं की लोक खूश. वहीत मात्र बेडकाला आणि गाढवाला एकच नळा!

आता मुद्द्याचं. पाऊस गावागणिक बदलतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलीमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73. आमच्याकडे मलप्रभेचा उगम कणकुंबीत. तिथला पाऊस आणि खाली सौंदत्तीकडचा पाऊस यांत कित्येक पटींचा फरक, जिल्हा मात्र एकच. एका वर्षी ऐन रोपलावणीत आमच्या गावाला पावसाने दडी मारली. होबळीच्या ठिकाणी मात्र सरी येत होत्या आणि मदतीसाठी तिथलाच आकडा धरला गेला. गावातली चार माणसं माझी वही घेऊन कचेरीत गेली. खासगी नोंद चालत नाही, असं उत्तर मिळालं. आम्हीही बँकेत सही-शिक्क्याशिवाय कागद घेत नव्हतो, त्यामुळे उत्तर समजलं. पण रोपं वाळली ती वाळलीच.

कर्नाटकात 1988 पासून दुष्काळावर लक्ष ठेवणारी वेगळी सरकारी यंत्रणा आहे, आणि तिने आता ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत स्वयंचलित मापकं नेली आहेत. चांगलं झालं. मग माझ्या वहीची गरज काय, असं मुलगा विचारतो. यंत्र बंद पडलं किंवा त्यात पालापाचोळा अडकला, तर ताडून बघायला दुसरा आकडा हवा, हे एक कारण. एकाच खात्याची दोन पुस्तकं जुळली की मन स्वस्थ होतं.

दुसरं कारण वयाचं आहे. एखाद्या ठिकाणचं हवामान ठरवायला 30 वर्षांची सरासरी धरतात. "पूर्वी कसा लागून पडायचा" ही आमच्या पारावरची रोजची चर्चा, पण खरं-खोटं ठरवायला 30 वर्षांच्या वह्या लागतात. मी साठीनंतर सुरुवात केली. हिशेब सोपा आहे, ती सरासरी मी काढणार नाही. म्हणून शेजारच्या नववीतल्या मुलीला नळा वाचायला शिकवलाय. नळा डोळ्यांसमोर धरून पाण्याच्या खालच्या वळणापाशी आकडा घ्यायचा, हे तिला एका दिवसात जमलं. आता मी परगावी असलो तरी 'नोंद नाही' लिहावं लागत नाही.

तुमच्या घरी, शाळेत, मठात, बागायतीत कुणी पावसाच्या जुन्या वह्या ठेवल्या असतील, तर रद्दीत घालू नका. भाषा मराठी असो, कन्नड असो की पोर्तुगीज, आकडे सगळ्यांना वाचता येतात. कुणाकडे असतील तर खाली जरूर लिहा.