ज्येष्ठांच्या घरातील अग्निसुरक्षा : समईपासून शेगडीपर्यंत



दि. ३१ मार्च २०२५ रोजी माजी केंद्रीय मंत्री डॉ. गिरिजा व्यास उदयपूर येथील आपल्या घरी गणगौरीची पूजा करीत होत्या. आरतीच्या वेळी खाली तेवत असलेल्या दिव्याची ज्योत ओढणीला लागली व त्या गंभीररीत्या भाजल्या. अहमदाबाद येथे उपचार सुरू असताना १ मे २०२५ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर हाताळलेला दिवाही वार्धक्यात घातक ठरू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

आपल्या टिळकवाडीत अनेक घरांतून आज केवळ वृद्ध पती-पत्नी, किंवा त्यांपैकी एकच, राहतात. मुले नोकरीनिमित्त पुणे, बंगळूर अथवा परदेशी असतात. अशा घरांसाठी काही आवश्यक माहिती आम्ही येथे देत आहोत. दिवा लावणे बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. दिव्याची जागा आणि आपली सवय बदलावी, एवढीच विनंती आहे.

वार्धक्यात धोका का वाढतो?

वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते, त्यामुळे गॅसची गळती किंवा जळका वास लवकर लक्षात येत नाही. त्वचा पातळ झाल्याने थोड्या उष्णतेनेही खोल भाजते. गुडघेदुखीमुळे चटकन उठून दूर होता येत नाही. झोपेच्या गोळीमुळे रात्री जागही उशिरा येते. म्हणजेच, तरुणांना मिळणारा सावरण्याचा अवधी ज्येष्ठांना मिळत नाही. म्हणून व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

देवघर

समई जमिनीवर व आपल्या समोर न ठेवता बाजूला, हातभर अंतरावर, रुंद परातीत स्थिर ठेवावी. दिव्यावरून हात नेऊन फूल वाहावे लागू नये. पूजेस बसण्यापूर्वी पदर कमरेला खोचावा, उपरणे आवरून घ्यावे. नायलॉन-पॉलिएस्टरचे वस्त्र वितळून त्वचेला चिकटते, तर सुती वस्त्रही भराभर पेटते; तेव्हा वस्त्र कोणतेही असले तरी ते सैल लोंबत नसणे महत्त्वाचे. खिडकीचा पडदा व कापसाच्या वाती ज्योतीपासून दूर असाव्यात. हाताला सॅनिटायझर लावून दिवा लावू नये. नंदादीप काचेच्या हंडीत ठेवावा. झोपण्यापूर्वी किंवा बाहेर जाण्यापूर्वी उघडा दिवा शांत करावा. फुलाने दिवा शांत करण्याची रीत आपल्याकडे आहेच.

स्वयंपाकघर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो खाली, जमिनीलगत साचतो आणि खाली तेवणाऱ्या समईपर्यंत पोहोचू शकतो. सिलिंडर नेहमी उभा व शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावा. रबरी नळी आय.एस.आय. चिन्हाची असावी व ५ वर्षांनी, तडे दिसल्यास त्याआधीच, बदलावी. रात्री रेग्युलेटर बंद करावा.

गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण लावू अथवा बंद करू नये. जवळचा दिवा व उदबत्ती विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी मुळीच ओतू नये. शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

झोपण्याची खोली

मच्छर कॉइल पलंगाखाली वा मच्छरदाणीजवळ ठेवू नये. पावसाळ्यात ओले कपडे हीटरवर वाळत घालू नयेत. पाणी तापवण्याचा रॉड लावून दुसऱ्या कामास जाऊ नये. घरी ऑक्सिजन यंत्र असल्यास त्या खोलीत दिवा, उदबत्ती, काडी व धूम्रपान पूर्णपणे वर्ज्य मानावे, कारण ऑक्सिजन मुरलेले कपडे व अंथरूण ठिणगीनेही भडकते. धुराची सूचना देणारा गजर छताला बसवावा. गॅस ओळखणारा गजर मात्र जमिनीजवळ लागतो.

अंगावरील वस्त्र पेटल्यास

धावू नये, धावल्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. ज्यांना लोळणे शक्य नाही, त्यांना इतरांनी घोंगडीत गुंडाळावे. लोकर सहजासहजी पेटत नाही. यासाठी एक घोंगडी देवघर व स्वयंपाकघराजवळ हाताशी ठेवावी. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. बर्फ, शाई, टूथपेस्ट लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

किल्ली आणि फोन

चोरांच्या भीतीने अनेक ज्येष्ठ रात्री ग्रिलला आतून कुलूप लावतात व किल्ली कपाटात ठेवतात. धुरात ती सापडणार नाही. किल्ली दाराजवळ, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्यावर टांगावी. दुसरी विश्वासू शेजाऱ्यांकडे द्यावी. आग लागल्यास दागिने वा कागदपत्रे शोधत थांबू नये. वाकून, दारे मागे ओढून घेत बाहेर पडावे.

अग्निशमन दलासाठी १०१ व आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हे क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लावावेत. त्याखाली घराचा पत्ता व जवळची खूण, उदाहरणार्थ कितवे रेल्वे गेट, हे मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहून ठेवावे. घाबरलेल्या अवस्थेत आपलाच पत्ता आठवत नाही, आणि मदतीस आलेल्या कोणालाही तो वाचून सांगता आला पाहिजे.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात प्राणार्पण केलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात, अथवा गणपती-दिवाळीला मुले घरी येतील तेव्हा, वरील प्रत्येक बाब त्यांच्याकडून तपासून घ्यावी. तरुण भाविकांनीही शेजारच्या आजी-आजोबांकडे एकदा जाऊन गॅसची नळी व समईची जागा पाहावी, ही आग्रहाची विनंती.